क्षितिजावरचा सांधा

पायाखाली हरिहरेश्वरचा कातळ आहे. ओहोटी लागली आहे म्हणूनच प्रदक्षिणेच्या वाटेनं तुम्हाला इथवर उतरता आलं. खिंडीतल्या पायऱ्या संपल्या, आणि समोर लाटांनी कोरून मधमाश्यांच्या पोळ्यासारखा केलेला दगड, त्याच्या खळग्यांत साचलेलं पाणी, पलीकडे उघडा समुद्र. नोव्हेंबर महिना. सूर्य बुडायला अर्धा तास आहे.

कॅमेरा नवा आहे. तिपाईवर तो नीट बसवलात आणि पहिला फोटो काढलात. आभाळ सुरेख आलं, ढगांच्या कडाही आल्या. पण कातळाचं डांबर झालं. मग एक्स्पोजर वाढवून दुसरा काढलात. आता कातळाचा प्रत्येक पापुद्रा दिसतो, शेवाळाचा हिरवा दिसतो, पण आभाळ कोऱ्या कागदासारखं पांढरं. तिसरा दोन्हींच्या मध्ये. त्यात दोन्ही बिघडलं. उन्हाच्या तिरिपीत स्क्रीन धड दिसत नाही, म्हणून तुम्ही खांद्यावरचा पंचा डोक्यावरून पुढे ओढता आणि आत वाकता.

पंचा जड लागतो. त्याला ईथरचा वास आहे.

तुमच्या नाकासमोर स्क्रीन नाही, घासलेली काच आहे. तिच्यावर उजेडाचं चित्र पडलंय आणि ते उलटं आहे: समुद्र वर, आभाळ खाली, डावं उजवीकडे. कापड बाजूला सारून बाहेर या. हवेत मीठ तेच, वारा मात्र वेगळा, कोरडा. मागे एका टेकडीच्या उतारावर गाव आहे, समोर बंदराच्या धक्क्याची लांब दगडी भिंत. हे सेत, फ्रान्सचा दक्षिण किनारा, भूमध्य समुद्र. वर्ष १८५७.

कॅमेऱ्याजवळ जो माणूस आहे तो गुस्ताव ल ग्रे. वय छत्तीस-सदतीस. पोल दलारोश या चित्रकाराच्या हाताखाली शिकून चित्रकार व्हायला निघालेला हा माणूस फोटोग्राफीकडे वळला, आणि १८५१ मध्ये फ्रान्सच्या जुन्या वास्तूंचे फोटो घेण्यासाठी सरकारनं जे पाच छायाचित्रकार निवडले, त्यांतला एक झाला. तो तुमच्याशी बोलणार नाही, त्या वर्षात तुम्ही नाहीच. पण त्याचे हात पाहा. एक्स्पोजर शिकायला त्या हातांसारखी जागा नाही असं मला मनापासून वाटतं, कारण आपला कॅमेरा जे क्षणात आणि गुपचूप करतो, ते इथं सगळं उघड्यावर चाललेलं आहे.

अंधाऱ्या तंबूत काच आडवी धरली जाते. सुमारे तीस बाय चाळीस सेंटीमीटरची. तुमच्या कॅमेऱ्यातला सेन्सर छत्तीस बाय चोवीस मिलिमीटरचा धरला, तर ही काच त्याच्या जवळजवळ एकशेचाळीसपट. तिच्यावर कलोडियन ओततात. बंदुकीच्या दारूसारखा पेट घेणारा प्रक्रिया केलेला कापूस ईथर आणि अल्कोहोलमध्ये विरघळवला की हा मधासारखा द्रव होतो, आणि त्यात आयोडाइडचे क्षार घातलेले असतात. काच हळूच कलती करत द्रव एका कोपऱ्यातून दुसऱ्या, तिसऱ्या, चौथ्या कोपऱ्यात न्यायचा आणि उरलेला बाटलीत परत ओतायचा. घावन तव्यावर फिरवून पसरावं तशी ही हातोटी आहे. थर एकसारखा आला नाही तर फोटोवर तो लाटेसारखा उमटतो. मग काच सिल्व्हर नायट्रेटच्या द्रावणात काही मिनिटं बुडवायची. आता ती उजेडाला जागी झाली. बोटं काळी पडतात, त्या बोटांनी डोळे चोळायचे नाहीत.

आता खरी घाई आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक स्कॉट आर्चरनं १८५१ मध्ये प्रसिद्ध केलेली ही रीत ओल्या काचेची आहे. थर सुकला की काच उजेड घेईनाशी होते. म्हणजे काच ओली आहे त्या दहा-पंधरा मिनिटांत ती कॅमेऱ्यात घालायची, फोटो घ्यायचा, तंबूत परत आणायची आणि डेव्हलप करायची. आपल्याकडच्या उकाड्यात तर ईथर बघता बघता उडून जातो, आणि तरीही याच दशकात, १८५४ मध्ये, मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली होती. भाऊ दाजी लाडांचे बंधू डॉ. नारायण दाजी या कामात पडले होते. हे सगळं रसायन मुंबईच्या दमट हवेत सांभाळणाऱ्या त्या माणसांविषयी मला फार आदर वाटतो.

सेतला परत या. काचेची उजेड टिपण्याची शक्ती किती? तुम्ही ज्याला आयएसओ म्हणता, त्या मोजमापात ही काच जेमतेम एकाच्या आसपास पडते. तुमच्या कॅमेऱ्यावर आत्ता १०० आहे. मधलं अंतर साधारण साडेसहा स्टॉपचं. ‘स्टॉप’ या शब्दाला बिचकू नका, तो फक्त दुपटीचा हिशेब आहे: एक स्टॉप वाढवला म्हणजे उजेड दुप्पट, कमी केला म्हणजे निम्मा. आयएसओ, भोक, वेळ या तिघांची भाषा हीच एक. एकाकडून एक स्टॉप काढून घेतला तर दुसऱ्याला तो द्यावा लागतो.

हा शब्द आला कुठून, तेही इथंच दिसतं. कॅमेऱ्याच्या पुढच्या पितळी नळीत एक गोल चकती आहे, मधोमध भोक असलेली. चकती उजेड अडवते, थांबवते, म्हणून ती स्टॉप. मोठं भोक हवं तर एक चकती काढून दुसरी घालायची. पुढच्याच वर्षी, १८५८ मध्ये, जॉन वॉटरहाउस नावाचा इंग्रज नळीला खाच पाडून वरून सरकवता येतील अशा पितळी पट्ट्या सुचवणार आहे. तुमच्या लेन्समधल्या पात्या तेच काम करतात.

आता एफचा आकडा. एफ/८ म्हणजे फोकल लेन्थला आठानं भागायचं. येईल तो भोकाचा व्यास. तुमची चोवीस मिलिमीटरची लेन्स एफ/८ वर तीन मिलिमीटरचं भोक ठेवते. तीनशे मिलिमीटरची लेन्स त्याच एफ/८ वर साडेसदतीस मिलिमीटरचं. भोकं इतकी वेगळी असूनही काचेवर पडणारा उजेड सारखाच, कारण लांब नळीतून येताना तो विरळ होतो. हा भागाकार आहे एवढं लक्षात राहिलं, की आकडा मोठा तर भोक लहान कसं, हा घोळ पुन्हा होत नाही. २.८, ४, ५.६, ८, ११, १६, २२ या ओळीत प्रत्येक आकडा आधीच्याच्या साधारण १.४ पट आहे, म्हणजे दोनाच्या वर्गमुळाइतका. व्यास तितका घटला की भोकाचं क्षेत्रफळ बरोबर निम्मं होतं. शाळेतलं वर्तुळ इथं कामाला आलं.

लाट धक्क्याकडे येते आहे. आयएसओ एक असलेल्या काचेवर धावती लाट कशी पकडायची? सूर्याच्या दिशेनं तोंड करून. त्या बाजूला पाणी आरशासारखं चमकतं, समुद्रच उजेडाचा झरा होतो, आणि सेकंदाच्या लहानशा अंशातही काचेवर पुरेसा उजेड पडतो. ज्या काळात माणसाला फोटोसाठी काही सेकंद पुतळ्यासारखं बसावं लागे, त्या काळात फुटणारी लाट फुटतानाच काचेवर बसली. क्षणभरच उजेड आत गेला, आणि काच तंबूत.

लाल-पिवळ्या अंधुक उजेडात काचेवर डेव्हलपर ओतलं जातं. समुद्र वर येतो, फेस येतो, धक्का येतो. आणि आभाळ? आभाळाच्या जागी काळाकुट्ट ठोकळा आहे. ही निगेटिव्ह आहे, तेव्हा छापल्यावर तिथं कोरा पांढरा पट्टा येणार.

म्हणजे तुमचा दुसरा फोटो!

कारण साधं आहे. कलोडियनला निळा आणि जांभळा उजेडच फार दिसतो. हिरवा-पिवळा कमी, लाल जवळपास नाहीच. निळं आभाळ त्याच्यासाठी आगीसारखं प्रखर. जमिनीला किंवा पाण्याला पुरेल इतका उजेड दिला, तोवर आभाळ जळून गेलेलं असतं. त्या काळचे निसर्गफोटो पाहिलेत तर बहुतेकांत वर नुसती पांढरी भिंत असते. कित्येक जण निगेटिव्हवरच्या आभाळाला काळा रंगही लावत, म्हणजे डाग दिसू नयेत आणि पांढरं निदान स्वच्छ यावं.

ल ग्रेनं दोन काचा वापरल्या. एक समुद्राच्या हिशेबानं उजेड दिलेली, दुसरी आभाळाच्या. पॅरिसला छपाईच्या वेळी तो एकाच कागदावर आधी एक भाग झाकून दुसरा छापतो, मग उलट. अंड्याच्या पांढऱ्या बलकाचा थर दिलेला तो कागद निगेटिव्हला चिकटवून उन्हात ठेवायचा, आणि ऊन सावकाश चित्र गडद करत नेतं. दोन काचांचा सांधा कुठे? क्षितिजावर. समुद्राची कड सरळ आणि स्वच्छ असते, जोड तिच्यात लपून जातो. ‘सेतची महालाट’ या नावानं ओळखला जाणारा तो फोटो असा दोन काचांचा आहे. त्याच्या समुद्रचित्रांत एकच आभाळ वेगवेगळ्या समुद्रांवर पसरलेलं सापडतं.

याला लबाडी म्हणायचं का? मी यावर बराच विचार केलेला आहे. कालचं आभाळ आजच्या समुद्रावर बसवणं मला स्वतःला रुचत नाही. पण एकाच जागी, एकाच मिनिटात, आभाळाला त्याचा उजेड आणि कातळाला त्याचा देणं, यात मला काही खोटं दिसत नाही. डोळा तेच करतो. आभाळाकडे पाहताना बाहुली आक्रसते, कातळाकडे वळताना पसरते, आणि मन दोन्हींचं मिळून एक दृश्य बांधतं. काचेला ती सोय नव्हती, ती ल ग्रेनं तिला दिली. त्याच्या आदल्या वर्षीच्या ‘गलबत’ या प्रसिद्ध चित्राला तर लोक चांदण्यातलं समजत. ते भर दिवसा सूर्यासमोर घेतलेलं होतं, एकाच काचेवर. चकाकत्या पाण्यापुरता उजेड दिला की बाकी सगळं रात्रीसारखं बुडतं. म्हणजे तुमचा पहिला फोटोही त्यानं तुमच्या आधी काढलेला आहे, आणि मुद्दाम.

त्याचं पुढं काय झालं तेही सांगायला हवं. पॅरिसमधला मोठा स्टुडिओ चालेना, देणेकरी मागे लागले. १८६० मध्ये लेखक अलेक्झांद्र द्युमाबरोबर तो जहाजानं निघाला आणि फ्रान्सला परतलाच नाही. कैरोत चित्रकला शिकवत राहिला, तिथंच १८८४ मध्ये वारला. १९९९ मध्ये लंडनच्या लिलावात त्याच्या महालाटेची एक प्रत पाच लाख सात हजार पाचशे पौंडांना गेली. लिलावात तोवर कोणत्याही फोटोला इतकी किंमत आली नव्हती.

कापडाखाली पुन्हा शिरा. ईथरचा वास गेला. आता देवदारासारखा कुठलासा वास आणि सीलांचं भुंकणं. हे कॅलिफोर्नियातलं पॉइंट लोबोस, वर्ष १९३२. घासलेल्या काचेवर उलटा समुद्र तोच, पण समोर पायाशी समुद्रशेवाळाचे दोर आणि झिजलेले खडक, मागे वाऱ्यानं वाकलेले सायप्रस. एडवर्ड वेस्टन जवळच्या कार्मेल गावात राहतो आणि १९२९ पासून इथले खडक पुन्हा पुन्हा टिपतो आहे, आठ बाय दहा इंचांच्या निगेटिव्हवर. याच नोव्हेंबरात सॅन फ्रान्सिस्कोच्या डी यंग संग्रहालयात त्याचं, अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्सचं, इमोजेन कनिंगहॅमचं आणि आणखी काही जणांचं प्रदर्शन भरणार आहे. मंडळाचं नाव एफ/६४. एका बारीकशा भोकावरून नाव घेणारं कलावंतांचं मंडळ मला दुसरं माहीत नाही.

त्यांना इतकं बारीक भोक का हवं? पायाशी असलेल्या दगडापासून क्षितिजापर्यंत सगळं धारदार यावं म्हणून. भोक जेवढं लहान, तेवढी धारेची खोली जास्त. फोकल लेन्थ जेवढी लांब, तेवढी ती कमी. आणि आठ बाय दहाच्या कॅमेऱ्याची साधी लेन्सच तीनशे मिलिमीटरची असते, म्हणून त्यांना एफ/६४ पर्यंत उतरावं लागतं. तुमच्या चोवीसच्या लेन्सला लागत नाही. एफ/११ ठेवा, साधारण पावणेदोन मीटरवर फोकस धरा. नव्वद सेंटीमीटरपासून क्षितिजापर्यंत सगळं धारेत येतं. क्षितिजावरच फोकस धरलात, तर पायाजवळच्या दगडाची धार वाया गेली. नवशिक्यांकडून सर्वात जास्त होणारी चूक ही, आणि सुधारायला सर्वात सोपीही हीच.

मग आपणही एफ/२२ वर का जाऊ नये? चोवीसच्या लेन्सचं भोक तिथं जेमतेम एक मिलिमीटरचं उरतं. इतक्या बारीक भोकाच्या कडेला घासून उजेड पसरतो आणि सगळंच चित्र किंचित मऊ पडतं. तीनशेच्या लेन्सचं एफ/६४ चं भोक पावणेपाच मिलिमीटरचं असतं, शिवाय वेस्टन निगेटिव्ह न वाढवता तिच्याच मापाचा छाप काढतो. त्याला जे परवडतं ते आपल्याला नाही.

त्याला एक किंमत मात्र मोजावी लागते. एफ/८ वरून एफ/६४ म्हणजे सहा स्टॉप, उजेड चौसष्टपट कमी. जिथं एक-साठांश सेकंद पुरला असता, तिथं एक सेकंद लागतो. एका सेकंदात लाट काचेवर लाट राहत नाही. म्हणजे खडकाची धार आणि पाण्याचा थेंब या दोघांतलं एक निवडायचं. ल ग्रेनं लाट निवडली, वेस्टन खडकाकडे वाकला. १९५८ साली गेल्यावर वेस्टनची रक्षाही इथल्याच किनाऱ्यावर विसर्जित झाली. त्या किनाऱ्याला आज त्याचं नाव आहे.

पंचा काढा. हरिहरेश्वर. सूर्य पाण्याला टेकायला आला आहे.

आता आधी कॅमेऱ्याच्या मीटरला समजून घ्या. त्याला काळं-पांढरं कळत नाही. तो समोरच्या प्रत्येक गोष्टीला मध्यम करडं धरून चालतो. फ्रेममध्ये ओला काळा कातळ भरलात की तो त्याला करडा करायला धावतो आणि आभाळ जाळतो. फेस भरलात की फेसाला करडा करून सगळं अंधारतो. कातळाला त्याच्या सांगण्यापेक्षा एक स्टॉप कमी द्या, फेसाला एक जास्त. अ‍ॅन्सेल अ‍ॅडम्स आणि फ्रेड आर्चरनं (ओल्या काचेचा आर्चर वेगळा) १९४० च्या आसपास जी झोन पद्धत बांधली, तिची सुरुवात याच ओळखीतून होते. आणि डिजिटल सेन्सरवर जळून पांढरं झालेलं काही परत येत नाही, अंधारलेलं बरंचसं येतं. म्हणून स्क्रीनवरच्या उजेडाच्या आलेखाची, म्हणजे हिस्टोग्रामची, उजवी कड भिंतीला चिकटू देऊ नका.

आयएसओ १००, एफ/११. आभाळाला एक-एकशेपंचविसांश सेकंद. तिपाई न हलवता कातळाला एक-अष्टमांश. चार स्टॉपचं अंतर, दोन काचा. घरी संगणकावर क्षितिजापाशी त्या जोडा. वर गडद, खाली पारदर्शक असा ग्रॅज्युएटेड फिल्टर लावला तर हेच काम एका फोटोत होतं, पण इथं उजवीकडचा कडा क्षितिजाच्या वर चढतो आणि फिल्टर त्याचाही माथा काळा करतो. सपाट पुळणीवर, गुहागरला म्हणा, तो जास्त शोभतो.

पाण्याचं काय करायचं ते आता तुम्ही ठरवा. उडणारा तुषार थेंबाथेंबानं हवा तर एक-पाचशेवा अंश, आणि त्यासाठी आयएसओ वाढवा. परतणारं पाणी कातळावरून ओघळताना त्याच्या पांढऱ्या रेघा हव्यात तर पाव ते एक सेकंद; लाट फुटताना नाही, मागे वळली की बटण दाबा. दहा स्टॉपचा काळा फिल्टर एक-तिसांश सेकंदाचे सुमारे चौतीस सेकंद करतो, समुद्राचं धुकं होतं. ते सगळीकडे छान दिसतंच असं नाही. इथला समुद्र गाजणारा आहे, त्याला गुळगुळीत केलेलं मला पाहवत नाही.

सूर्य बुडाला. कॅमेरा आवरू नका. पुढची दहा-पंधरा मिनिटं आभाळ आणि कातळ यांच्या उजेडातलं अंतर आपोआप मिटत जातं, आणि ज्यासाठी दोन काचा लागल्या ते एका फोटोत मावतं. एवढ्यासाठीच मी रोज शेवटपर्यंत थांबतो.

मात्र घड्याळाकडे आणि पायाखालच्या खळग्यांकडे लक्ष ठेवा. कोरडा असलेला खळगा भरला, की पाणी वळलं. या प्रदक्षिणेच्या वाटेवर लाटांनी माणसं ओढून नेलेली आहेत. भरती लागली की तिपाई उचला आणि खिंडीच्या पायऱ्या चढा, फोटो राहिला तरी. उद्या हीच ओहोटी साधारण पन्नास मिनिटं उशिरा येईल.